एकदाच विसळलेल्या बाटल्या

साहेब, तुम्हाला खरं कळलं होतं. सोमवारी कळलं नव्हतं, मंगळवारीही नव्हतं, ते मी मान्य करते. पण गुरुवारी सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी ते तुमच्या टेबलावर ठेवलेलं होतं. चष्मा कपाळावर सरकवून तुम्ही ते पाहिलंत आणि गप्प बसलात. त्याला अकरा वर्षं झाली. अजून गप्पच आहात.

तुमचं नाव मी लिहीत नाही. घाबरते म्हणून नव्हे. निवृत्त शिपाईबाईचं तुम्ही आता काय वाकडं करणार? पण नाव लिहिलं की लोक म्हणतात, हिचं त्या माणसाशी जुनं भांडण होतं, आणि विषय तिथंच संपतो. म्हणून नुसतं साहेब.

तो सोमवार आठवतो? कॉलेजच्या सभागृहात पुढच्या रांगेत तपासणीला आलेली समिती बसली होती, तीन माणसं आणि एक बाई. कोऱ्या टॉवेलनं झाकलेल्या खुर्च्या, पाण्याच्या सीलबंद बाटल्या. मी दाराशी ट्रे घेऊन उभी. तुम्ही खूण केलीत तशी मी पुढं आले. ट्रेमधली एक प्लेट, चिकटपट्टीनं कडेनं बंद केलेली, तुम्ही दोन बोटांत धरून उजेडापुढं नेलीत, शालूचा काठ दाखवणाऱ्या दुकानदारासारखी.

"चोवीस मिलीमीटर," तुम्ही म्हणालात. "आठ औषधांना दाद न देणारा जंतू. आणि आमच्या डोंगरातल्या कुंभ्याच्या झाडाच्या सालीनं त्याची ही दशा केली."

टाळ्या पडल्या. ट्रे टेबलावर टेकवून मीसुद्धा वाजवल्या, आणि बाकीच्यांपेक्षा जोरात वाजवल्या. कारण तो जंतू माझ्या भावाच्या पायातला होता.

आता हे नीट सांगायला हवं. वाचणारे सगळे काही प्रयोगशाळेत वाढलेले नसतात. मीही नव्हते. मी शालन गुरव, सातवी पास. नवरा कॉलेजात शिपाई होता, तो गेला आणि त्याच्या जागेवर मला घेतलं. पहिलं वर्ष मी नुसती काच धुतली. दुसऱ्या वर्षी बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या बघून इंग्रजी अक्षरं लावायला शिकले. पाचव्या वर्षापासून प्लेटा मी ओतायला लागले, कारण पोरांना त्या सपाट ओतता यायच्या नाहीत. प्लेट म्हणजे झाकणाची काचेची बशी. तिच्यात अगर नावाची पूड शिजवून ओतली की ती खरवसासारखी थिजते. वरून जंतू पसरायचे, मधे नळीनं भोकं पाडायची, भोकात औषध घालायचं, आणि उबदार कपाटात सकाळपर्यंत ठेवून द्यायचं. सकाळी सगळ्या बशीवर जंतूंची पिवळट साय धरलेली असते. औषधात दम असेल तर भोकाभोवती साय धरत नाही, स्वच्छ चकती उरते. ती पट्टीनं मोजायची. चकती जेवढी रुंद तेवढा औषधाचा जोर. एवढंच आहे ते. तुम्ही लोक ते अवघड करून सांगता.

रेवती शिंत्रे मॅडम तुमच्या हाताखाली पीएच.डी. करत होत्या. औषधी झाडांच्या साली-पानांचे अर्क काढायचे आणि दवाखान्यातली औषधं पचवून ढेकर देणाऱ्या जंतूंवर ते चालतात का बघायचं, हे त्यांचं काम. असले जंतू कसे तयार होतात ते मला त्यांनीच सांगितलं होतं. औषध अर्धवट घेऊन सोडलं की जे जंतू वाचतात ते शहाणे होतात, आणि मग त्यांची पोरंबाळंही शहाणी निपजतात.

साल मी आणून द्यायची. आम्ही गुरव, देवाला बेल-पत्री पुरवणं हा आमचा पिढीजात धंदा. बापानं घालून दिलेली रीत होती. साल उगवतीकडच्या अंगाची काढायची, तीन बोटं रुंद, जास्त नाही, आणि काढल्यावर झाडाच्या जखमेला शेणमाती लिंपायची. मॅडम पहिल्यांदा बरोबर आल्या तेव्हा त्यांना हसू आलं. म्हणाल्या, मावशी, झाडाला ड्रेसिंग? मी म्हटलं, जखमा काय माणसालाच असतात होय.

तर त्या सालीचा अर्क दोन वर्षं अकरा मिलीमीटर दाखवत होता. कधी दहा, कधी अकरा. भोकच आठ मिलीमीटरचं, म्हणजे दोन्ही बाजूंना मिळून तीन. तुम्हाला ते आवडत नव्हतं. अकरावर काय भाषण करणार?

जंतू यायचे गावातल्या मोठ्या दवाखान्यातून, जखमांचे नमुने. त्यांच्यावर नाव लिहायचं नाही, नुसता नंबर, असा नियम होता आणि तो चांगला होता. पण सतरा नंबरच्या नळीला वॉर्डबॉयनं आपली चिठ्ठी तशीच गुंडाळून पाठवली: गुरव, वायरमन, उजवा पाय.

सिद्धाप्पा, माझा धाकटा भाऊ. सिद्धू. खांबावर चढण्यात तालुक्यात त्याचा हात धरणारं कोणी नव्हतं. वादळानंतर लोक तहसीलदाराला नव्हे, सिद्धूला शोधायचे. त्याला साखरेचा आजार होता. बुटातून खिळा घुसला तो तळव्याला कळलाच नाही, संध्याकाळी मोजा काढताना रक्त दिसलं. मग त्यानं नेहमीचं केलं. औषधाच्या दुकानातून तीन दिवसांच्या गोळ्या आणल्या, जरा बरं वाटलं की सोडल्या. परत सूज, परत दुसऱ्या गोळ्या. असं तीनदा. चौथ्यांदा ताप घेऊन दवाखान्यात गेला तेव्हा डॉक्टर मंगसुळ्यांनी मलाच बाजूला बोलावलं. जंतू आठ औषधांना बधत नाही, म्हणाले. एक शिल्लक आहे. ते शिरेतून द्यावं लागेल, चौदा दिवस, सकाळ-संध्याकाळ. एकही चुकलं तर मला घोट्यापासून पाय काढावा लागेल.

घोटा गेला म्हणजे खांब गेला. आणि खांब गेल्यावर सिद्धूचं काय उरलं असतं ते मला माहीत होतं. बसून खाणारा माणूस नव्हता तो.

सोमवारी त्याचा सहावा दिवस होता.

मंगळवारी जिल्ह्याच्या पेपरात तुमचा फोटो आला, हातात प्लेट. वर मोठा मथळा की औषधांना न जुमानणारा जंतू कुंभ्याच्या सालीपुढं गारद. खाली लिहिलं होतं की आता गोरगरिबांना महागड्या इंजेक्शनांची गरज उरणार नाही. हे वाक्य पत्रकाराचं की तुमचं, ते तुम्हालाच ठाऊक.

दुपारी सिद्धूचा फोन आला. सतरा नंबर आपला आहे हे मी त्याला सांगून बसले होते. सांगायला नको होतं. पण त्याला त्याचं मोठं कौतुक वाटायचं. वॉर्डात सगळ्यांना सांगत सुटला होता, माझा जंतू कॉलेजात शिकायला हाय.

"आक्का, पेपर वाचलास?"

"वाचला."

"त्यो आपलाच न्हवं?"

"आपलाच."

"मग मी हितं सुया टोचून घेत कशापायी पडलोय? अंगाची आग हुतीया, घास गिळवंना. उद्याचा दिस काढतो. बेस्तरवारी सुट्टी घेतो. तू तेवढं त्या बाटलीतलं आण."

आणि मी म्हटलं, आणते.

इथं मी स्वतःला सोडणार नाही. बारा वर्षं प्लेटा ओतलेली बाई मी. बशीत जंतू मरणं आणि माणूस बरा होणं यात किती कोस पडतात ते मला कळायला हवं होतं. पण त्या प्लेटवरची ती चकती मी डोळ्यांनी पाहिली होती, साल माझ्या हातची होती, जंतू आमच्या घरचा होता. अभिमानानं माणूस आंधळा होतो, त्याला शिक्षण कमी-जास्त असण्याचा संबंध नाही.

बुधवारी जेवणाच्या सुट्टीत मॅडम ग्रंथालयात होत्या. मी अर्काची बाटली काढली. त्यातलं थोडं दुसऱ्या बाटलीत घ्यावं म्हणून फळीवरची तपकिरी काचेची एक छोटी रिकामी बाटली उचलली. झाकण फिरवलं आणि वास आला.

रिकाम्या बाटलीला वास नसावा. ह्या बाटलीला एसटी स्टँडवरच्या नुकत्याच धुतलेल्या मुतारीचा वास होता.

मी दुसरी उघडली. तिलाही. तिसरीलाही. अर्काची बाटली नाकाशी धरली. सालीचा तुरट उग्र वास पुढं येत होता, पण एकदा कळल्यावर त्याच्या आडून तो दुसराही येत होता.

मग मला शनिवार आठवला. समिती यायची म्हणून तुम्ही हुकूम सोडला होतात की प्रयोगशाळेतली एकूण एक वस्तू जंतुनाशकात बुडवून काढायची, दारातच स्वच्छतेचा वास यायला पाहिजे. फिनेलचे दोन कॅन पाठवलेत. गावात पाणी एक दिवसाआड, शनिवारी नळ कोरडा, पिंपात उरलेलं पाणी गुडघाभर. मोठी काच मी तीन-तीनदा विसळली. छोट्या बाटल्या सव्वाशे, अरुंद तोंडाच्या. त्या सगळ्या एकाच बादलीत घालून एकदाच घुसळल्या आणि उपड्या घातल्या. संध्याकाळी मॅडमनी त्यांत ताजा अर्क भरला, रविवारी प्लेटा लावल्या, सोमवारी तुम्ही चोवीस मिलीमीटर उजेडात धरलंत.

दोन वर्षं अकरा, आणि एका रात्रीत चोवीस. तुमच्यासारख्या विद्वानाला, समितीतल्या चौघांना, पेपरवाल्याला, कोणालाही प्रश्न पडला नाही की सालीला असा काय साक्षात्कार झाला. मलाही पडला नाही. फक्त मी विद्वान नव्हते.

झाकण लावून गप्प बसता आलं असतं. नोकरीची सात वर्षं राहिली होती. मॅडमची दोन वर्षांची मेहनत होती. पण गुरुवारी सिद्धू सुई सोडणार होता. आणि त्याला मी नेऊन काय देणार होते, फिनेलवाला काढा?

मॅडम आल्या तेव्हा मी बाटली त्यांच्यापुढं धरली आणि सगळं सांगितलं. न रडता, न लपवता. त्यांनी वास घेतला. मी वाट बघत होते की आता ही पोरगी मला बोलणार, आणि बोलली असती तर ऐकून घेतलं असतं.

"मावशी," त्या म्हणाल्या, "ओतलेल्या प्लेटा आहेत का शिल्लक?"

"दोन आहेत."

"सतरा नंबर काढा."

चार भोकं पाडली. पहिल्यात त्या बाटलीतला अर्क. दुसऱ्यात त्याच धुण्यातल्या रिकाम्या बाटलीत घालून हलवलेलं साधं शुद्ध पाणी. तिसऱ्यासाठी मॅडमनी पुड्यातली कोरी बाटली फोडली, वाळवून ठेवलेला अर्क तिच्यात नव्यानं केला. चौथ्यात कोऱ्या बाटलीतलं पाणी. दुसरी प्लेट अगदी तशीच, खात्रीसाठी. साडेतीनला कपाटात ठेवल्या. मधल्या वेळात करण्यासारखं काही नव्हतं. जंतूला घाई करता येत नाही.

गुरुवारी साडेनऊला आम्ही दोघींनी कपाट उघडलं.

पहिलं भोक, चोवीस. दुसरं, साध्या पाण्याचं, बावीस. चौथ्याला साय पार कडेपर्यंत भिडलेली. दुसरी प्लेटही तेच सांगत होती.

"दोन नंबर पाणीच आहे ना?" मॅडमनी विचारलं.

"पाणीच."

"म्हणजे सोमवारी आपण सगळ्यांना पाणी दाखवलं असतं तरी टाळ्या पडल्या असत्या." त्या स्टुलावर बसल्या. हसत होत्या आणि डोळेही पुसत होत्या. मग एकदम उठून त्यांनी पट्टी तिसऱ्या भोकावर ठेवली. अकरा. परत ठेवली. अकरा.

"हे खरं आहे, मावशी," त्या म्हणाल्या. "लहान आहे, पण हे आपलं खरं आहे."

मोबाइलवर त्यांनी प्लेटचे फोटो काढले आणि आम्ही तुमच्या केबिनमध्ये आलो. दहा वाजून वीस मिनिटं. घड्याळ तुमच्या डोक्यावरच होतं.

तुम्ही पाहिलंत. हुशार माणूस तुम्ही, समजावून सांगावं लागलं नाही. पहिला प्रश्न विचारलात तो हा: "बाटल्या कोणी धुतल्या?"

"मी."

"म्हणजे चूक तुमची, गुरवबाई."

"माझीच. म्हणून तर सांगायला आले. पेपरात दुरुस्ती द्या."

मग तुम्ही समजुतीच्या सुरात बोललात. समितीचा निकाल यायचाय. दुरुस्ती छापली तर कॉलेजचं हसं होईल, शिंत्रेबाईंच्या पदवीचं काय ते वेगळंच. आणि पेपर काय, सकाळी वाचतात, दुपारी त्यात भजी बांधतात. "वाचून कोण लगेच साल उगाळायला बसलंय?"

"माझा भाऊ बसलाय," मी म्हटलं.

तुम्ही चष्मा डोळ्यांवर ओढलात. मला वाटलं, आता. पण तुम्ही म्हणालात, "मग तुमच्या भावाला तुम्ही सांगा." आणि प्लेटा माझ्याकडं सरकवून हुकूम दिलात की ह्या लगेच वाफेच्या भांड्यात घालून निकालात काढा. मॅडमना थांबवून घेतलंत. आत त्यांना काय सांगितलंत ते त्यांनी मला नंतर सांगितलं, ते इथं लिहीत नाही, ते लिहायचा हक्क त्यांचा.

प्लेटा मी निकालात काढल्या. जिवंत जंतू तसे टाकून जायचे नसतात. मी केबिनमधून निघताना मॅडमनी आपला मोबाइल माझ्या हातात कोंबला होता. एक रिकामी बाटली मी पदराच्या गाठीत बांधली आणि रजेचा अर्ज न देताच निघाले.

दवाखान्यात पोचले तेव्हा सिद्धू कपडे करून खाटेवर बसला होता. पिशवी भरलेली. भावजय भिंतीशी, रडून सुजलेली. सकाळची सुई त्यानं घेतली नव्हती. डॉक्टर मंगसुळे समोर उभे, हातात कागद. स्वतःच्या मर्जीनं जातोय, पुढची जबाबदारी दवाखान्याची नाही, असा तो कागद. डॉक्टरांचं सांगून झालं होतं, ओरडूनही झालं असावं. सिद्धूच्या हातात पेन होतं.

"आणलीस?" त्यानं मला बघितल्यावर विचारलं.

मी बाटली काढून दिली.

"रिकामी हाय की."

"वास घे."

त्यानं घेतला. नाक वाकडं केलं. "फिनेल हाय ह्यात."

"त्यानं तुझा जंतू मेला. साल न्हवं, हे. बाटल्या मी धुतल्या, नीट विसळल्या न्हाईत. लाव आता पायाला, लावतोस?"

मी मोबाइलमधला फोटो पुढं केला आणि चारी भोकं एकेक करून सांगितली. डॉक्टरही वाकून बघत होते. त्यांनी बाटली घेतली, स्वतः वास घेतला, आणि मला विचारलं की बाई, हे चौथं पाण्याचं भोक पाडायचं कोणाला सुचलं. मी म्हटलं, आमच्या मॅडमना. त्यांनी मान हलवली.

सिद्धू पेन बोटांत फिरवत होता. "म्हंजे माझ्या जंतूला तू मुतारीचं औषध पाजलंस."

"पाजलं."

"आन तुझ्या सालीनं काय केलं मग? कायच न्हाई?"

"केलं. अकरा केलं. पर ते बशीत. बशीला रगत नसतं, हाड नसतं, साखर नसती. तुझ्या पायात त्या अकराचं काय हुईल ते मला ठावं न्हाई, मॅडमला ठावं न्हाई, अजून कुणालाच ठावं न्हाई. ज्याचं ठावं हाय ते ह्या डॉक्टरांच्या सुईत हाय."

त्यानं भावजयीकडं बघितलं. मग डॉक्टरांकडं. त्यांच्या हातातला कागद घेतला आणि दुमडून गादीखाली सारला.

"डॉक्टर," तो म्हणाला, "सकाळची सुई आता घेतली तर चालंल काय?"

चालली. त्यानं उरलेले दिवस काढले, वर डॉक्टरांनी आणखी एक आठवडा वाढवला तोही काढला. शिव्या देत काढला, पण काढला. डाव्या-उजव्याचा हिशेब मांडायचा तर उजव्या पायाची करंगळी गेली. पाय राहिला. दिवाळीच्या आत तो खांबावर होता. आपल्याला नऊ बोटांचा वायरमन म्हणवून घेतो. साखर आता जपतो, बूट घालण्याआधी उपडा करून झटकतो, आणि गल्लीतल्या कोणी दोन दिवसांत गोळ्या सोडल्या तर त्याच्या घरी जाऊन त्याला फैलावर घेतो. मागच्याच महिन्यात त्याच्या नातीचं बारसं झालं. सनई त्यानंच वाजवली, उभ्यानं, अडीच तास.

मॅडमनी सगळं परत केलं. तीन वर्षं गेली. पुढं माझी जागा बदलली तरी बाटल्या जेवणाच्या सुट्टीत येऊन मीच तीनदा विसळून, उकळून, भाजून द्यायची. अकरा अकराच राहिलं, आणि त्या अकराच्या मागं सालीतला नेमका कुठला अंश आहे तिथपर्यंत त्या पोचल्या. प्रबंधाची एक प्रत मला दिली. त्यातल्या प्रत्येक तक्त्यात शेवटी एक रकाना आहे, नुसत्या पाण्याचा. त्याच्याखाली सगळीकडं शून्य. मला तो प्रबंध सगळा समजत नाही, पण ती शून्यं समजतात. आता त्या दुसऱ्या गावी शिकवतात. नवीन पोरं आली की पहिला आठवडा त्यांना बाटल्या धुवायला लावतात आणि मग म्हणतात, आता मला ह्या रिकाम्या बाटलीत काय आहे ते सांगा.

मला तुम्ही महिन्याभरानं प्रयोगशाळेतून काढून ग्रंथालयात टाकलंत. शिक्षा म्हणून. तिथं सात वर्षं मी वाचत बसले, आणि वाचता वाचता लिहायला लागले. त्याबद्दल खरंच आभार. माझं आयुष्य तुम्ही सुधारलंत, हेतू काहीही असो. मला तुमच्याकडून नाव नको, माफी नको, माझा राग माझ्यासाठी नाहीच.

तो कशासाठी आहे ते सांगते. सिद्धूनं सुई घेतली त्याच्या दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, प्रयोगशाळेच्या दारात एक माणूस आला. हातात पेपर, बाहेर रिक्षात त्याची आई, पायाला फडकं गुंडाळलेली. औषध कुठं मिळतं, विचारत होता. मी त्याला खरं सांगितलं आणि रिक्षा दवाखान्याकडं वळवून दिली. सोमवारी आणखी दोघं आले. त्या महिन्यात एकूण सात जण. प्रत्येकाला मी एकच विचारायची, चालू असलेलं औषध सोडलं का? सातांपैकी तिघांनी सोडलं होतं. पेपर वाचून. त्यांतल्या एका म्हाताऱ्याचा मुलगा मला म्हणाला, एवढे मोठे साहेब खोटं कशाला सांगतील?

हे मी तुम्हाला सांगायला आले होते. दोनदा. पहिल्यांदा तुम्ही म्हणालात की समितीचा निकाल लागू दे. तो लागला, चांगला लागला. दुसऱ्यांदा म्हणालात की आता जुनं कशाला उकरायचं. पेपरवाल्याकडं मी स्वतः गेले. त्यानं सांगितलं, बाई, साहेबांची सही असलेलं पत्र आणा, मग छापतो. एक सही. चार ओळींचं पत्र, मॅडमनी लिहून तयार ठेवलं होतं.

सात जण कॉलेजच्या दारापर्यंत चालत आले म्हणून मला दिसले. पेपर तर साऱ्या जिल्ह्यात गेला होता. माझ्या भावाचा पाय राहिला, कारण त्याची बहीण तुमच्याकडं बाटल्या धुवायला होती. बाकीच्या कोणाची बहीण तिथं नव्हती, साहेब. त्यांना कोण सांगणार होतं? त्यांतल्या किती जणांनी त्या आठवड्यात सुया सोडल्या आणि किती जण आज कुबड्यांवर आहेत, हे तुम्ही कधी एकदा तरी कोणाला विचारलंत का?

मी विचारते आहे. उत्तर द्या.